मदत हवी आहे : मोतमाउलीच्या जत्रेच्या जुन्या आठवणी आणि गाणी

नमस्कार मंडळी. वांद्र्याच्या मोतमाउलीवर (माउंट मेरी) मराठीत एक छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. इमारतीची माहिती सहज मिळते : आताचं चर्च 1904 सालचं, 1954 मध्ये त्याला बॅसिलिकाचा (पोपनी खास मान दिलेल्या चर्चचा) दर्जा मिळाला. पण माझ्या मते या देवळाची खरी ओळख तिथे येणाऱ्या माणसांमुळे आहे, आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं फार कमी सापडतं.

8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. कोळी, ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती), गोवेकर यांच्यासोबत हिंदू आणि मुसलमान कुटुंबंही नवस फेडायला टेकडी चढतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ वाहायचं. ही वेगवेगळ्या धर्मांची गर्दी मला फार मोलाची वाटते.

तर विचारायचं असं : तुमच्या घरात आजी-आजोबा माउलीला नवस कसा बोलायचे? कोळी किंवा ईस्ट इंडियन बोलीतलं एखादं गाणं, प्रार्थना कुणाला पाठ आहे का? अर्धवट असली तरी चालेल. मेणाचे साचे बनवणारं कुणी ओळखीचं आहे का? वसई, वर्सोवा, माहीम, कुलाबा इथल्या कोळीवाड्यांतून लोक जत्रेला कसे यायचे, हेही सांगा.

जुने फोटो असतील तर कृपया साल आणि गाव लिहून टाका. तुमच्या परवानगीशिवाय काहीही लावणार नाही.