मदत हवी आहे: कोंबडी ड्रेसिंग युनिटच्या गरम पाण्याच्या टाकीचं तापमान जमेना

नमस्कार मंडळी. मोर्शी तालुक्यात गावालगत आमचं कोंबड्या कापून साफ करायचं छोटं ड्रेसिंग युनिट आहे. ब्रॉयलर कोंबड्या आसपासच्या शेडवरून येतात, तयार माल मोर्शी, वरुड आणि अमरावतीच्या हॉटेलांना जातो. अडचण आहे ती पिसं सोडवायच्या गरम पाण्याच्या टाकीची.

टाकी स्टीलची, 200 लिटर. आत 3 किलोवॉटचे तीन हिटर, प्रत्येक फेजवर एक. तापमान मोजायला पीटी-100 सेन्सर, पॅनलवर साधा ऑन-ऑफ कंट्रोलर आणि त्याच्या इशाऱ्यावर हिटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर. सेटिंग 59 अंश, कोंबडी पाण्यात साधारण एक मिनिट. उन्हाळ्याआधी पॅनल भिंतीपलीकडच्या कोरड्या खोलीत हलवलं. तेव्हा वायरमनने साधी दोन तारांची बारीक वायर जोडून सेन्सरची वायर वाढवली. आता ती पंधरा मीटर तरी भरेल.

सकाळच्या पहिल्या घाण्यात छातीवरची कातडी चिकट होते, प्लकरमध्ये (पिसं काढायच्या मशीनमध्ये) फाटते, आणि खालचं मांस उकडल्यासारखं पांढुरकं दिसतं. हॉटेलवाले कातडीसकट माल घेतात, ते असा नग परत करतात. थोड्या वेळाने उलटंच सुरू होतं. पंखांच्या टोकांची आणि शेपटीची जाड पिसं तशीच राहतात. मग कामावरच्या बायकांना ती हाताने उपटावी लागतात, बोटांची सालं निघतात त्यांची. माल परत येण्यापेक्षा मला हे जास्त लागतं.

पॅनलवर मात्र पूर्ण वेळ 59 च्या आसपास आकडा. गावातल्या दूध संकलन केंद्रातून डिजिटल थर्मामीटर आणून पाहिलं. सकाळी कोंबड्या टाकण्याआधी वरच्या थरात 62, सेन्सरजवळ 56. काम सुरू झाल्यावर सगळीकडे 56 किंवा त्याहून कमी. आणखी एक, पूर्वी तासाच्या आत तापणारं पाणी आता पावणेदोन तास घेतं. व्होल्टेज सकाळी 190 च्या आसपास असतं. बोअरचं पाणी खारं आहे.

विक्रेता म्हणतो कंट्रोलर बदला. सेटिंग 62 करून भागेल का? कोणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा.

प्रतिसाद: तीन फेज

भाऊ, सेटिंगला आत्ता हात लावू नका. आणि सगळ्यात आधी अर्थिंग पाहून घ्या. खाऱ्या पाण्यातला जुना हिटर, ओली फरशी, ओल्या हाताने काम करणाऱ्या बायका. टाकीच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसेपर्यंत काम बंद ठेवा. हे मी अगदी मनापासून सांगून राहिलो.

आता वेळेचं. 200 लिटर पाणी 30 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 7 युनिट लागतात. 9 किलोवॉट पूर्ण मिळाले तर पाऊण तासाच्या जरा वर. पण हिटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते. 230 च्या जागी 190 मिळाले की 9 चे जेमतेम 6 किलोवॉट राहतात. तरीही सव्वा तासाच्या आत तापायला हवं. तुम्हाला पावणेदोन लागतात, म्हणजे एक हिटर गेलेला असावा. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) लावून तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा पाहा. 190 व्होल्टला प्रत्येकी 11 अँपिअरच्या आसपास यायला हवा.

प्रतिसाद: मीटर रीडिंग

वरच्यांशी सहमत. पण पॅनलवर 59 आणि पाण्यात 56, हा दोष हिटरचा नाही, वायरीचा आहे.

पीटी-100 चा रेझिस्टन्स शून्य अंशाला 100 ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे 0.385 ओहमने वाढतो. कंट्रोलर फक्त ओहम मोजतो. वायरीचा रेझिस्टन्स त्यात मिसळला तर तोही त्याला तापमानच वाटतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पंधरा मीटर जाऊन पंधरा मीटर परत आली की एक ओहमहून थोडा जास्त होतो. म्हणजे जवळपास 3 अंश. तुमचा फरक नेमका तेवढाच आहे.

खात्री करणं सोपं आहे. भांड्यात बारीक ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी घ्या, सेन्सर त्यात पाच-दहा मिनिटं हलवत ठेवा. पॅनलवर शून्य यायला हवा. 3 आला तर कंट्रोलर बदलून काही होणार नाही. कंट्रोलरमध्ये वजा 3 चा ऑफसेट टाकून (म्हणजे दिसणाऱ्या आकड्यातून 3 कमी करून) तात्पुरतं काम चालवता येईल, पण दमट जागेतला जोड गंजला की तो आकडा पुन्हा सरकेल. तीन तारांची सेन्सर केबल सलग ओढा, तिसरी तार कंट्रोलरच्या तिसऱ्या टर्मिनलला जोडा, म्हणजे वायरीचा रेझिस्टन्स तो स्वतःच वजा करेल. केबल हिटरच्या पॉवर वायरींपासून लांबून न्या.

धागाकर्ता

दोघांचेही फार आभार. बर्फात पॅनलवर 2.9 आला. क्लॅम्प मीटरवर दोन फेज 11 च्या जवळ, तिसऱ्यावर शून्य. हिटर बाहेर काढला तर त्यावर बोटभर जाड खार होता आणि मधोमध नळी फुटलेली. आरसीसीबी नव्हता. कालच बसवून घेतला, तोवर टाकी चालवली नाही.

वायर आणि हिटर बदलल्यावर सेटिंग 59 च ठेवू की कमी करू? आणि सकाळचं कातडी जळणं यानेच थांबेल का?

प्रतिसाद: पोल्ट्रीवाला दर्यापूर

नाही, तेवढ्याने थांबणार नाही. सकाळी पाणी हलत नाही, त्यामुळे गरम थर वर जमतो. तुमच्याकडे वर 62 आणि खाली 56 होतं ते त्यामुळेच. पहिला घाणा त्या वरच्या थरातच पडतो. फिरता पंप किंवा हवेचे बुडबुडे सोडायची नळी टाका. ते होईपर्यंत घाण्याआधी आणि घाणा चालू असताना मोठ्या पळीने तळापासून पाणी ढवळा.

कातडीसकट माल विकायचा असेल तर 58 ते 60 अंश आणि एक मिनिट हे योग्यच आहे. पण आता 59 म्हणजे खरंच 59 असणार, पूर्वीपेक्षा 3 अंश जास्त. म्हणून पहिल्या दिवशी 57 वर चालवा, एक मिनिट झाल्यावर चार कोंबड्या काढून पंख आणि छाती पाहा, मग अर्धा-अर्धा अंश वाढवा. कंट्रोलरची हिस्टेरेसिस (हिटर बंद होण्याच्या आणि पुन्हा चालू होण्याच्या तापमानातला फरक) किती आहे तेही बघा. 3-4 अंश असेल तर 1 करा, फक्त कॉन्टॅक्टर सारखा खटखटणार नाही याची खात्री करा.

धागाकर्ता

कळलं. हिस्टेरेसिस 4 होती. बाकीच्या दोन हिटरवरचाही खार काढायचा आहे. इथले लोक संडास साफ करायचं अ‍ॅसिड सांगतात.

प्रतिसाद: तीन फेज

ते नका वापरू. त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्टीलच्या टाकीला आणि हिटरच्या नळीला खातं, आणि ही टाकी खाण्याच्या मालाची आहे. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून हिटर त्यात भिजत ठेवा, खार फेसाळून सुटतो. मग दोनदा साध्या पाण्याने टाकी धुवा. मेन स्विच बंद करून, बरं का. खाऱ्या बोअरला हे दर महिन्याला करावं लागेल, नाहीतर नवा हिटरही असाच जाईल.