आत्याचा चातुर्मास, तैपेईत
(फॅमिली ग्रुप, श्रावणातला रविवार)

सोनल: आत्या, हॉटेलातल्या जेवणाचे फोटो पाहिले! पांढऱ्या ताटलीच्या मधोमध एवढासा पदार्थ. पोट भरलं का?

मंदाताई: भरलं गं. एका घासाचे नऊ पदार्थ, एकामागून एक. दोन तास बसलो होतो. वाढणारी मुलगी दर वेळी दोन्ही हातांनी ताटली ठेवायची आणि काय आहे ते सांगायची. ओंकार मराठीत सांगेपर्यंत पुढचं यायचं.

वैशाली: वन्सं, पण तुमचा चातुर्मास? कांदा-लसूण?

ओंकार: मामी, उलट पुण्यापेक्षा सोपं गेलं. इथला, तैवानचा बौद्ध शाकाहार म्हणजे मुळातच कांदा-लसूण नाही. पाकिटबंद शाकाहारी पदार्थांवर पाच प्रकारांपैकी कुठला ते छापावंच लागतं, आणि कांदा-लसूण असलेला शाकाहार हा त्यात वेगळा प्रकार. हॉटेलात नुसतं 'सू' (चिनीत शाकाहारी) म्हटलं की पुढे समजावत बसावं लागत नाही.

बापू: म्हणजे ताईला माहेरी आल्यासारखं वाटलं असणार.

ओंकार: हिंगापर्यंत वाटलं, मामा.

मंदाताई: तू सांगूच नकोस, मीच सांगते. सूप अगदी निवळ, मला जरा फिकं वाटलं. म्हणून पर्समधली हिंगाची डबी काढली. ह्याने माझा हातच धरला! म्हणे बौद्ध शाकाहारात वर्ज्य असलेल्या पाच उग्र पदार्थांत कांदा, लसणाबरोबर हिंगही आहे. मन चाळवतं म्हणे. आता साठ वर्षं मी वरणात हिंग घालतेय, माझं काय चाळवलंय?

वैशाली: 😂😂 डबी कुठे आहे आता?

मंदाताई: पर्समध्येच. झाकण घट्ट लावून. तरी वास आला असेल त्यांना.

सोनल: मिशेलिन स्टारवालं होतं का रे?

ओंकार: नाही. हॉटेलांना स्टार देणारी मिशेलिन गाईड तैपेईसाठी 2018 पासून निघते. त्यात पहिल्याच वर्षी तीन स्टार मिळालेलं 'ल पॅले' हे हॉटेल कँटोनीज, म्हणजे दक्षिण चिनी जेवणाचं आहे, बदकासाठी प्रसिद्ध. तिथे आईला काय, चटणी खायला घालू?

मंदाताई: इथेही एकदा दचकलेच. तपकिरी तुकडा, सुरीने कापला तर रेषा रेषा सुटल्या. मी ताटली सरकवली. तर ते अळंबं निघालं! त्याच्या चिनी नावाचा अर्थच 'माकडाचं डोकं'. तरी दुसरा घास घ्यायला मला वेळ लागला. गोड मात्र फार आवडलं. 'आयऊ' म्हणतात. उंबराच्या भाऊबंदातलं फळ, त्याच्या बिया फडक्यात बांधून गार पाण्यात चोळायच्या, की पाणी आपोआप थिजतं. चूल नाही, काही नाही. वर लिंबू.

सोनल: बिल किती झालं?

ओंकार: 10 टक्के सर्व्हिस चार्ज बिलातच असतो, वर टीप कोणी ठेवत नाही. आकडा सांगत नाही, आई ग्रुपवर आहे.

मंदाताई: मी वाचलाय आकडा. चिनी अंक नव्हते ते.

ओंकार: 😐

ओंकार: मामा, तुमच्यासाठी एक गोष्ट. जेवणाबरोबर वाईनऐवजी चहा होता, गार, वाईनच्याच ग्लासात. 'ओरिएंटल ब्यूटी'. आमच्या शिनचूकडच्या बेइपू-अमेई भागातला. ह्या चहाची पानं तुडतुडे चावलेलीच लागतात. चावल्यावर झाड स्वतःला वाचवायला जे तयार करतं, त्यानेच चहाला मधासारखा वास येतो. त्यामुळे औषध मारता येत नाही.

बापू: तुडतुडे?? मोहोरावरच्या तुडतुड्यांपायी मी दर वर्षी फवारणी करून कंगाल होतोय आणि तिकडे ते पाळतात?

ओंकार: पाळत नाहीत, येऊ देतात. गावातलं नाव 'थापाड्याचा चहा'. असं सांगतात की एका शेतकऱ्याने किडका माल टाकून न देता शहरात नेला, तो चढ्या भावाने गेला. गावात येऊन सांगितलं तर सगळे म्हणाले, थापा मारतो.

बापू: बरं. मग यंदा डागी हापूस वाशीला पाठवतो, तुडतुडा स्पेशल म्हणून. डझनाला दुप्पट.

वैशाली: आधी फवारणीवाल्याची उधारी द्या.