‘घरी बसा’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न: रानाची राखण कोण करणार?

पाऊलवाट
काल इथे झाडाझडती यांचा लेख वाचला, तो अजून डोक्यातून जात नाही. थोडक्यात म्हणणं असं: जबाबदार पर्यटन हे थोतांड आहे, दहा-बारा तास विमानात बसून गेल्यावर प्लास्टिकची बाटली नाकारण्याला काही अर्थ नाही, निसर्गावर खरं प्रेम असेल त्यानं घरी बसून माहितीपट बघावेत. खाली भराभर ‘सहमत’ पडलेत. माझं म्हणणं तिथे प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी रवांडात डोंगरी गोरिला बघून आलोय. एका कुटुंबाजवळ दिवसाला आठ माणसं आणि एकच तास. साधं सर्दी-पडसं असलं तरी वर सोडत नाहीत, कारण आपला आजार त्यांच्या जिवावर बेततो. आमच्यापुढे माग काढत चाललेल्या माणसाचे वडील त्याच रानात फासे लावायचे. मुलगा आज फासे शोधून काढतो आणि त्याचा पगार होतो. राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला १० टक्के वाटा आजूबाजूच्या गावांना मिळतो. त्यातून उभी राहिलेली शाळा मी बघितली. रवांडा, उगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगरांत १९८१ साली २५४ गोरिला उरले होते, २०१५-१६च्या मोजणीत ६०४ भरले. माहितीपट बघणाऱ्यानं त्या पोराच्या पगारात किती भर घातली, एवढंच मला विचारायचंय.

झाडाझडती
लेख माझा, तेव्हा उत्तरही मीच देतो. गोरिला हे तुमच्या बाजूचं सगळ्यांत देखणं उदाहरण. पर्यटनावर बोलणारा प्रत्येक जण तेच पुढे करतो, कारण तसं दुसरं पटकन सापडत नाही.

अंटार्क्टिकाचं बघा. तिथेही नियम कडक आहेत: एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरवायची, पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या जहाजानं कुणाला उतरवायचंच नाही, उतरण्याआधी बूट घासून धुवायचे. सगळं पाळलं जातं, मान्य. पण एका हंगामात एकूण किती जहाजांनी यावं याला कमाल मर्यादाच नाही! नव्वदीच्या सुरुवातीला हंगामाला काही हजार लोक जायचे, २०२२-२३च्या हंगामात आकडा लाखावर गेला. जहाजांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतं, ऊन शोषतं आणि लवकर वितळतं. बूट धुतल्यानं ती काजळी निघत नाही.

जगभरातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के वाटा पर्यटनाचा, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. तुम्ही त्या पोराचा पगार दिलात आणि त्याच्या डोंगरावरचा पाऊस बिघडवून आलात.

मैत्रेयी_प
दोघांच्याही मध्ये बोलते, कारण मी जे केलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सात वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत एका ‘सिंह बचाव केंद्रात’ दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून राहिले. पैसे भरून, बरं का. अनाथ बछड्यांना बाटलीनं दूध पाजायचं, त्यांच्याशी खेळायचं. दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, यांच्या आया कुठे मेल्या? कुणी धड उत्तर दिलं नाही. परत आल्यावर वाचायला लागले तेव्हा कळलं, की असे बछडे आईपासून मुद्दाम तोडतात, म्हणजे मादी लवकर पुन्हा माजावर येते. मोठे झालेले सिंह कुंपणात सोडून शिकाऱ्यांना विकणारेही असतात. आमच्या केंद्रातल्यांचं पुढे काय झालं ते मला आजतागायत समजलेलं नाही. माझ्या मांडीवर झोपलेल्या बछड्याचा फोटो अजून आईच्या घरी भिंतीवर आहे आणि तो काढा म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पाऊलवाट, तुमच्यासारखीच मीही ‘माझ्या पैशानं प्राणी वाचतोय’ म्हणत होते. जिथे रानटी जनावराला हात लावू देतात तिथे पाय ठेवायचा नाही, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

नाखुदा
सगळे बोलताहेत, पण पैशाचं कुणी बोलत नाही. रवांडात गोरिला बघायच्या परवान्याचे १५०० डॉलर! एका तासाचे! २०१७ साली एका दिवसात ७५०चे दुप्पट केले. इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांनी ऑगस्ट २०२४ पासून परदेशी माणसाचं प्रवेशशुल्क १०० डॉलरचं २०० केलं. भूताननं २०२२मध्ये पर्यटकाकडून दर रात्रीमागे घ्यायचे ६५ डॉलर २००वर नेले, लोक येईनात म्हटल्यावर पुढच्या वर्षी १००वर आणले. जिथे तिथे एकच तोडगा, भाव वाढवा. म्हणजे निसर्ग जपायचा श्रीमंतांसाठी, आणि शिक्षक, कारकून, नर्स यांनी माहितीपट बघायचे. माझी बायको प्राणिशास्त्र शिकवते. गोरिलाबद्दल तिला जेवढं माहीत आहे त्याचा दहावा हिस्साही त्या आठ जणांतल्या सात जणांना ठाऊक नसेल. ती कधीच जाऊ शकणार नाही.

काजवा
नाखुदा, राग समजतो, पण भाव नाही वाढवायचा तर गर्दी थोपवायची कशी? थायलंडमधली माया बे आठवा. सिनेमात दिसली म्हणून लोक लोटले, दिवसाला पाच-पाच हजार माणसं, नावांचे नांगर थेट प्रवाळावर. जून २०१८मध्ये बंद करावी लागली. जानेवारी २०२२मध्ये उघडली ती नावा खाडीत न सोडता, मागच्या बाजूनं चालत, पोहायला मनाई करून. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क परत आले. स्वस्त आणि सगळ्यांना मोकळं ठेवण्याची किंमत प्रवाळानं मोजली होती.

नाखुदा
तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात! नावा बंद केल्या, पोहणं बंद केलं, माणसं मोजून सोडली म्हणून शार्क आले. तिकीट दीड हजार डॉलर केल्यानं नव्हे. संख्या ठरवा, जरूर ठरवा. पण ती भरताना पाकीट का बघता? अमेरिकेत ॲरिझोना-युटाच्या सीमेवर ‘द वेव्ह’ नावाचे लाटांसारखे खडक आहेत. दिवसाला ६४ माणसं, निवड सोडतीनं. अब्जाधीश असो की कारकून, चिठ्ठी निघाली तर जा. हे गोरिलांना का चालत नाही?

काजवा
कारण त्या खडकांना राखणदार ठेवायला अमेरिकेचा कर आहे. रवांडानं कुठून आणायचा? सोडत काढून स्वस्तात आठ माणसं पाठवली तर फासे शोधणाऱ्यांचे पगार कोण देणार, तुम्ही?

नाखुदा
हा शेवटचा शब्द नको होता. मी गरीब देशाच्या विरोधात बोलतोय असं चित्र उभं करू नका. आठापैकी सहा जागा विका, दोन सोडतीनं द्या. हिशोब इतकाही बिघडत नाही. पण तुम्हाला बहुतेक परवडतं, म्हणून हे सुचत नाही.

काजवा
मला परवडत नाही. मी गोरिला बघितलेला नाही आणि बहुधा बघणारही नाही. तरी दर योग्य वाटतो. न परवडणारा माणूसही असं म्हणू शकतो, एवढं तरी धरून चला.

बहावा
कोणी तिकीट काढावं यावर एवढी जुंपली आहे, आणि ज्यांची ती जमीन त्यांचं नाव दोन ओळींत उरकलं. टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानातून गुरं राखणाऱ्या मसाई लोकांना १९५९मध्ये हलवलं ते ‘प्राण्यांसाठी’. त्यांना शेजारच्या न्गोरोंगोरोत जागा दिली, आता तिथूनही निघा म्हणताहेत. जून २०२२मध्ये सेरेंगेटीलगतच्या लोलिओंदोत १५०० चौरस किलोमीटरची राखीव हद्द आखताना गोळीबार झाला, कित्येक मसाई सीमा ओलांडून केनियात पळाले. आपण त्याच मैदानात जीपमधून ‘अस्पर्शित निसर्ग’ बघतो. तो अस्पर्शित कधीच नव्हता. मसाई शेकडो वर्षं तिथे गुरं चारतात, त्यांच्या गवत जाळण्यानं आणि चराईनं तो घडलाय. झाडाझडतींच्या लेखात ही माणसं नाहीत, पाऊलवाटांच्या धाग्यात ती १० टक्क्यांपुरती आहेत.

नामिबियानं निराळं केलं. १९९६च्या कायद्यानं गावांना आपापल्या टापूतल्या वन्यप्राण्यांवर हक्क दिले. लॉजचा करार गावच करतं, पैसा गावच वाटतं. मग गेंडा त्यांचा होतो. वाटा देणं वेगळं आणि मालकी देणं वेगळं.

पाऊलवाट
बहावा, हे मान्य. शाळा बघून मी खूश झालो, ती कुणी ठरवली, कुठे बांधायची हे कुणाला विचारलं, हे मी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

झाडाझडती, तुमचं मात्र पटलं नाही. पोरानं बिघडलेला पाऊस आणि मारलेला गोरिला यांतून निवड करावी असं म्हणता का?

झाडाझडती
निवडीचंच सांगतो. मार्च २०२०मध्ये पर्यटक थांबले. जूनमध्ये उगांडाच्या ब्विंडी जंगलात रफीकी नावाचा रुपेरी पाठीचा नर गोरिला भाल्यानं मारला गेला. मारणारा लहान जनावरांच्या शिकारीला आत शिरला होता, पुढे त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. भोवतालच्या गावांची पर्यटकांवरची कमाई तोवर बंद पडली होती. तुम्ही ज्याला राखण म्हणता ती विमानांच्या वेळापत्रकावर टांगलेली आहे. एक साथ आली, एक युद्ध झालं, की दोरी तुटते. माझा राग त्या पोराच्या पगारावर नाही. तो पगार माझ्या-तुमच्या सुट्टीवर अवलंबून ठेवण्यावर आहे.

पाऊलवाट
हा मुद्दा लेखात असता तर मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं. रफीकीबद्दल मी तेव्हा वाचलं होतं, पण त्याकडे असं बघितलं नव्हतं. पर्यटनाशिवायचा पैसा उभा राहायला हवा, खरं आहे. कोस्टा रिकानं इंधनावरच्या करातून झाडं राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे देणं १९९७मध्ये सुरू केलं, आणि एकेकाळी बोडका होत चाललेला तो देश आज निम्म्याहून जास्त जंगलाखाली आहे. पण हा पैसा जिथे अजून उभा नाही, तिथे आज ‘येऊ नका’ म्हणणं म्हणजे दोरी आपणच कापणं. त्यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

झाडाझडती
नाही, आज नाही. ‘घरी बसा’ हे वाक्य मी मागे घेत नाही, पण ते दरवर्षी दोन खंड पालथे घालणाऱ्यांसाठी होतं, एवढी दुरुस्ती करतो. तुम्ही किती वेळा जाता?

पाऊलवाट
लांब म्हणाल तर नऊ वर्षांत एकदा. सोळा दिवस, एकाच देशात, आत सगळा प्रवास बसनं.

झाडाझडती
मग आपण कालपासून कशावर भांडतोय?

मैत्रेयी_प
ज्या केंद्रात मी होते त्याची जाहिरात आज पुन्हा दिसली. बछडे नवीन आहेत. निघण्याआधी नेमकं काय विचारायचं, याची यादी बहावा आणि पाऊलवाट मिळून कराल का? मी भर घालीन.

नाखुदा
यादी जरूर करा. पण सहा जागा विकून दोन सोडतीनं द्यायला काय अडचण आहे, याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी थांबलोय.