अमेरिकन मालिकांमधली मुस्लिम घरं: तुम्हाला कोणती खरी वाटली?

सांजवारा
लेक नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पाला तिने 'अमेरिकन टीव्हीवरची मुस्लिम पात्रं' हा विषय घेतलाय. मला आठवतात ती '२४' आणि 'होमलँड'मधली, म्हणजे बॉम्ब, चौकशी, हेरगिरी. घरातली रोजची उठबस दाखवणारं काही आहे का? मुस्लिम सभासदांनी जरूर सांगा.

हडसनकाठ
मी मुस्लिम, राहते जर्सी सिटीत. 'मिस मार्व्हल' (२०२२) आधी दाखवा. त्यातली अचाट शक्ती मिळालेली नायिका कमला खान आमच्याच गावची. तिच्या शक्तीपेक्षा मला भिडली ती तिची मैत्रीण नाकिया. मशिदीत तिचे महागडे बूट चोरीला जातात, बायकांच्या बाजूची दुरवस्था तिला खुपते, आणि ही पोरगी थेट मशिदीच्या मंडळाच्या निवडणुकीला उभी राहते! आमच्याकडे बायकांच्या खोलीतला स्पीकर कायम खरखरतो, अर्धा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, ऐकूच येत नाही. तो राग पडद्यावर पहिल्यांदा पाहिला, फार बरं वाटलं.

'रामी' (२०१९) आधी तुम्ही स्वतः बघा, मुलीच्या वयाला ती जड आहे. पण त्यात वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, करणाऱ्या रामीला एक म्हातारबाबा टोकतात, पायाच्या बोटांच्या बेचक्या धुतल्यास का? असे बाबा प्रत्येक मशिदीत असतात. रामीची आई एकटेपणाला कंटाळून अ‍ॅपवरची टॅक्सी चालवायला लागते, तो भाग तर चुकवूच नका.

जुनावाचक
'ऑल-अमेरिकन मुस्लिम' (२०११) तिच्या प्रकल्पात हवंच. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नची पाच खरी कुटुंबं. फ्लोरिडातल्या एका संघटनेने ओरड केली की यात साधीच माणसं दाखवून धोका लपवलाय. लोज या मोठ्या दुकानसाखळीने जाहिराती काढून घेतल्या, आणि एका हंगामात कार्यक्रम आटोपला. साधेपणाचीच भीती घातली गेली, हे मुलीला जरूर सांगा.

हडसनकाठ
अगदी. आणि सांजवारा, एक राहिलंच. मी सांगितलेल्या दोन्ही मालिकांतली मुख्य घरं स्थलांतरितांची आहेत. प्यू संस्थेच्या २०१७ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या प्रौढ मुस्लिमांत साधारण पाचातला एक कृष्णवर्णीय आहे. कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे मुहम्मद अलींनी मुस्लिम म्हणून १९६४ मध्ये नाव बदललं तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील या देशात आलेही नव्हते! 'रामी'च्या दुसऱ्या हंगामात कृष्णवर्णीय अभिनेते महर्शला अली हे शेख, म्हणजे धर्मगुरू, झालेत, तेवढे प्रसंग तरी तुम्ही निवडून मुलीला दाखवा. मशिदीत नवख्या माणसाला ते ज्या शांतपणे जवळ करतात, तसे इमाम मी इथे पाहिलेत.

सांजवारा
ताई, मनापासून आभार. नाकियाच्या निवडणुकीपासूनच सुरुवात करतो. प्रकल्पासाठी तिने तुम्हाला चार प्रश्न विचारले तर चालेल का?