डेडलिफ्ट : पट्टे बांधावेत की मूठ घडवावी? सोलापूरकरांनी आपले अनुभव लिहावेत

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि व्यायामशाळेत एक जुना वाद नव्याने पेटतो : घामेजलेल्या हातातून बार निसटू लागला, तर मनगटाचे पट्टे बारभोवती गुंडाळून डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनदार बार उचलून ताठ उभे राहण्याचा व्यायाम) पुढे चालू ठेवावी, की वजन उतरवून आधी मूठ घडवावी? बार किती किलोला सुटला, कुठे सुटला आणि पुढे आपण काय केले, एवढेच कृपया लिहावे. ऐकीव सल्ले नकोत. सुरुवात मीच करतो.

दोन वर्षे मी अगदी 60 किलोच्या सरावालाही पट्टे बांधत होतो आणि 170 किलोपर्यंत पोहोचलो होतो. मग हौसेने एका पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्टमध्ये जास्तीत जास्त वजन उचलण्याची स्पर्धा) नाव दिले. तिथे हाताला खडूची पूड चालते, पट्टे चालत नाहीत, हे मला ठाऊक होते. फक्त त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. 155 किलोला बार गुडघ्यांवर आला, पाठ जागेवर होती, पाय जवळजवळ सरळ झाले होते, आणि उजव्या हाताची करंगळी उघडली, पाठोपाठ अनामिका, आणि उरलेल्या दोन बोटांवरून बार घरंगळत खाली गेला. तेव्हापासून 120 किलोपर्यंतचे सगळे सेट दोन्ही तळवे आत ठेवून, उघड्या हाताने करतो, शेवटच्या रेपला (म्हणजे सेटमधल्या शेवटच्या उचलीला) बार वर दहा सेकंद धरून उभा राहतो आणि पट्टे फक्त शेवटच्या दोन जड सेटना बांधतो. पाच महिन्यांनी 160 किलो पट्ट्यांविना उचलले.

जुळे सोलापूर

माझे हात लहान आहेत आणि आमच्या व्यायामशाळेतला बार जुना, जाड, शिवाय मधली खरखर झिजून गुळगुळीत झालेला. ऑलिंपिकमधल्या वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांमध्ये स्त्रियांसाठी 15 किलोचा, 25 मिलिमीटर जाडीचा बार असतो, हे मला फार उशिरा कळले. रोमेनियन डेडलिफ्टमध्ये (बार जमिनीवर न टेकवता कमरेतून वाकून पुन्हा उभे राहायचे) सहाव्या रेपला बोटे सुटत आणि प्रशिक्षक म्हणत, ‘मॅडम, तुमच्या मांड्यांत जोर नाही.’ पट्टे बांधले त्याच दिवशी बारा रेप्स झाल्या, म्हणजे जोर होता, तो बारपर्यंत पोहोचत नव्हता इतकेच. मला स्पर्धेत उतरायचे नाही. दिवसभर खुर्चीत बसून आखडलेली कंबर मोकळी राहावी एवढीच अपेक्षा आहे, त्यामुळे पट्टे सोडण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

शुक्रवार पेठ

मी तालमीत वाढलो आहे, त्यामुळे मनगटाला पट्टा गुंडाळणे मला आजही थोडे लाजिरवाणे वाटते, हे आधीच कबूल करतो. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात मूठ घडवायला निराळे साधन विकत घ्यावे लागत नाही. जाडजूड टॉवेल डोक्यावरच्या आडव्या बारवरून टाकावा, दोन्ही पदर एकेका मुठीत पिळून धरावेत आणि लोंबकळावे. पहिल्या दिवशी मी नऊ सेकंदांत खाली आलो. ज्याने वर्षानुवर्षे दोर चढला, त्याची ही गत! तीन महिन्यांनी चाळीस सेकंद टिकू लागलो. आठवड्यातून दोनदा, तेही डेडलिफ्टच्या नंतर; आधी केले तर हात आधीच गळालेला असतो. पहिल्या महिन्यात मी रोज करत होतो, तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ बसली की चहाचा कप उचलवेना.

होटगी रोड

एक तळवा आत, एक बाहेर, अशी मिश्र पकड मी वर्षभर वापरली. बाहेर वळलेल्या हाताचे कोपर किंचित वाकलेले राही आणि त्याच दंडाचा स्नायू ओढला गेला. आता पट्टे.

विजापूर रोड

पट्टे म्हणजे फसवणूक, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ब्रिटनच्या एडी हॉलने 2016 मध्ये उचललेले 500 किलो आणि आइसलँडच्या हाफथोर ब्यॉर्नसनने 2020 मध्ये उचललेले 501 किलो, दोन्ही पट्टे बांधूनच होते, कारण स्ट्राँगमन या ताकदीच्या खेळात ते नियमाला धरून आहे. मात्र इंग्रजी आठच्या आकाराचे पट्टे नवख्याने घेऊ नयेत. माझा तोल पुढे गेला, तेव्हा बार सोडायचा म्हटले तरी सुटेना आणि मी त्याच्यासोबतच ओणवा झालो. साधा पट्टा मूठ उघडली की उलगडतो.

अक्कलकोट रोड

मी यंत्रमागावर काम करतो. ज्या दिवशी बीम (सूत गुंडाळलेले जड रूळ) चढवायचे असतात, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोटे मिटतच नाहीत, मग 100 किलोलाही बार सरकतो. वर्षभर मी याला माझाच कमकुवतपणा समजून वजन उतरवत राहिलो आणि पाठ आहे तिथेच राहिली. शेवटी चर्मकाराकडून जाड सुती पट्टीचे दोन पट्टे शिवून घेतले. पाळी करून आलो की ते बांधतो. सुटीच्या दिवशी हात ताजे असतात, तेव्हा ते पिशवीतच राहतात.