मदत हवी आहे: एचआयव्हीचा व्हायरल लोड आपोआप उतरतोय, तरी गोळ्या सुरू करायच्या?

दिवाभीत: धाकट्या भावाचा रिपोर्ट आलाय. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, ४८,०००. आधी ९ लाख होता. शरीर स्वतःच लढतंय ना? मग डॉक्टर गोळ्यांची घाई का करतायत? लवकर सांगा, उद्या सकाळी जायचंय.

चकवा: आधी म्हणजे कधी? सीडी४, म्हणजे विषाणू ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती? गोळ्या अजून एकही घेतली नाही?

गवती_चहा: डास चावून एचआयव्ही होत नाही. त्याचं ताट वेगळं ठेवू नका.

दिवाभीत: डास कुठून आले मध्येच? गोळी एकही नाही. सीडी४ ६१०, आधी ३५० होता. म्हणजे तोही वाढलाय.

थंडगार: रोज गार पाण्याने अंघोळ! माझा लोड २०,००० वरून १४,००० वर आला.

लॅबमधला_उंदीर: थंडगार, तिपटीच्या आतला फरक धरायचा नसतो, चाचणीत तेवढं मागेपुढे होतंच. दिवाभीत, ९ लाखांचा रिपोर्ट नेमका कधीचा? तेव्हा ताप होता?

दिवाभीत: हो, ताप, अंगावर पुरळ, घसा सोललेला. लागण होऊन ३ आठवडे झाले असतील. आताचा रिपोर्ट ५ महिन्यांनंतरचा. हे महत्त्वाचं होतं का?

लॅबमधला_उंदीर: सगळं त्यातच आहे हो! सुरुवातीला लोड लाखांत, कधी कोटीच्या घरात जातो, मग प्रतिकारशक्ती जागी होते आणि तो उतरून एका पातळीवर टेकतो. सीडी४ही थोडा सावरतो. याला बरं होणं म्हणत नाहीत. विषाणू तिथेच मुक्काम ठोकतो, आणि ती पातळी जितकी वर, तितकी पुढे सीडी४ची घसरण वेगाने.

पिंपळपान: लोड नुसता आकडा आहे, सीडी४ बघा. ६१० म्हणजे उत्तम. माझ्या वेळी डॉक्टर थांबा म्हणाले होते.

लॅबमधला_उंदीर: तुमची वेळ गेली. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, सीडी४ कितीही असो, लगेच गोळ्या. सीडी४ म्हणजे टाकीतलं पाणी, लोड म्हणजे गळती. निम्मी टाकी भरलेली दिसते म्हणून गळकी तोटी तशीच ठेवाल? १९९७ मध्ये १,६०४ पुरुषांवरचा अभ्यास आला. लोड ५०० पर्यंत असलेल्यांपैकी ५.४ टक्क्यांना ६ वर्षांत एड्स झाला, ३०,००० च्या वर असलेल्यांपैकी ८० टक्क्यांना. (तेव्हाची चाचणी वेगळी होती, आजच्या पीसीआरवर आकडा साधारण दुप्पट येतो. त्यामुळे ४८,००० थेट ८० टक्क्यांत टाकू नका.)

पिंपळपान: काहींना गोळ्यांविना वर्षानुवर्षं काही होत नाही, त्याचं काय?

चकवा: असे फार थोडे असतात, आणि त्यांचा लोड बहुतेक वेळा अगदी कमी असतो. इथे ४८,००० आहे.

दिवाभीत: पण तो रोज १० किलोमीटर पळतो!

लॅबमधला_उंदीर: पळू दे. गळती ऐकू येत नाही.

दिवाभीत: बरं, बघतो. गोळी जेवणाआधी की नंतर?

चकवा: कोणती गोळी?