दीड हजारात नळीवाली सॅक: कोणती घेऊ?

इंदिरानगरची_वाटसरू

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी निरगुडपाड्याकडून हरिहर केला. कातळपायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत, नाक कातळाला टेकलेलं, आणि नेमकी तेव्हाच सॅकच्या बाजूच्या जाळीतून स्टीलची बाटली निसटली. ठण्ण, ठण्ण करत थेट खाली. नशिबाने माझ्यामागे पायरीवर कुणी नव्हतं. वर पोचल्यावर एका अनोळखी काकूंकडून दोन घोट मागून प्यायले, तेही लाजत.

तर आता बाटली बंद. पाठीवर पाण्याचा ब्लॅडर (मऊ प्लास्टिकची पिशवी) आणि तोंडाशी नळी, अशी सॅक घ्यायची आहे. बजेट सगळं मिळून १,५००. ऑनलाइन पाहिल्या तर फोटोत सगळ्या सारख्याच, किंमत मात्र ७०० पासून ५,००० पर्यंत. दोन लिटर की तीन? आणि पाण्याला प्लास्टिकचा वास येतो म्हणतात, ते खरं का? महिन्यातून एखादा ट्रेक असतो, रामशेज, आंजनेरी, ब्रह्मगिरी असा. डिसेंबरात साल्हेर करायचाय. वय ४१, गुडघ्यांचं वय ५५.

सातपूर_पॅडल

सायकलसाठी असती तर नको म्हणालो असतो. त्र्यंबकपर्यंत जाऊन येईतो पाठ घामाने भिजते, फ्रेमला लावलेली बाटलीच बरी. चढाईला मात्र नळी सोयीची. तीन लिटरच्या नादी लागू नका. तीन लिटर म्हणजे तीन किलो, आणि तुम्ही गुडघ्यांचं वय सांगितलंच आहे.

जुना_गडी

आम्ही खांद्याला कापडी पिशवी अन् त्यात दोन बाटल्या घेऊन अख्खी सेलबारी-डोलबारी डोंगररांग फिरलो. चालू द्या तुमचं.

बागाईतदार_दिंडोरी

ताई, सॅक घेऊच नका. नुसता ब्लॅडर घ्या आणि घरातल्या जुन्या सॅकमध्ये टाका. हजाराच्या आतल्या जोडसंचात सॅकचं कापड पातळ असतं, पट्टे खांद्यात रुततात आणि डबा, विंडचिटर ठेवायला जागाच उरत नाही. मी तसला एक घेतला होता. दुसऱ्याच ट्रेकला पट्ट्याची शिवण उसवली. आता तो बागेत फवारणीच्या वेळी पाणी प्यायला वापरतो.

ब्लॅडर बघताना तोंड बघा. काहींना बरणीसारखं गोल, आट्याचं झाकण असतं. काहींचं वरचं तोंड पूर्ण उघडतं, ते दुमडून वरून पट्टी सरकवायची. दुसरा प्रकार घ्या, आत अख्खा हात जातो. हात जात नसेल तर धुणार कसं? नळी खालून खटकन निघणारी हवी आणि चावायच्या तोंडाला बंद करायची कळ हवी. ती नसली तर गाडीत सॅक आडवी पडली की सीट ओली. वासाचं म्हणाल तर येतो, पण टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या ब्लॅडरला पीव्हीसीपेक्षा कमी. वर्णनात मटेरियल लिहिलेलं नसेल तर पुढे चला. आल्यावर कोमट पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा.

आता नळी. आमच्याकडे ठिबक सिंचनाच्या लॅटरल, म्हणजे ओळीतल्या नळ्या, काळ्या का असतात? उजेड आत गेला की शेवाळ धरतं. तुमची नळी पारदर्शक असते आणि दिवसभर उन्हात लोंबते. एका पावसाळ्यात मी ती न धुता खुंटीला टांगली आणि तीन आठवड्यांनी बघतो तर आतून हिरवी रेघ. ठिबक आम्ही ॲसिड सोडून साफ करतो, तुम्ही तसलं काही करायला जाऊ नका. लांब दांड्याचा बारीक ब्रश मिळतो, तो फिरवा, मग नळी झटकून उभी टांगा. ब्लॅडर वाळवताना आत कपड्यांचा हँगर घाला, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. पूर्ण वाळत नसेल तर फ्रीजरमध्ये टाका, बुरशी धरत नाही. आणि त्यात पाण्याशिवाय काहीही नको. लिंबू सरबत, ओआरएस वेगळ्या छोट्या बाटलीत न्या. साखर गेली की बुरशीला आवतण.

अजून एक. पाणी किती उरलं ते दिसत नाही, ओढताना अचानक फुस्स होतं. मी दोन लिटर पाठीवर आणि अर्धा लिटर सॅकच्या तळाशी वेगळं ठेवतो. साल्हेरला तर ठेवाच. १,५६७ मीटरचा गड आहे, वरच्या टाक्यांच्या भरवशावर जाऊ नका.

नाशिकची_माकडीण

आंजनेरीला नळी छातीच्या पट्ट्यात नीट खोचा. लोंबती दिसली की माकडं ओढतात. स्वानुभव. तोंडाचा रबरी तुकडा घेऊन गेलं, वर बसून चघळत होतं. तो तुकडा सुटा मिळतो, जास्तीचा एक घेऊन ठेवा.

इंदिरानगरची_वाटसरू

सगळ्यांचे आभार, विशेषतः बागाईतदार दादांचे. दोन लिटरचा, वरून पूर्ण उघडणारा ब्लॅडर ६४० ला मिळाला. लेकाची नववीतली दप्तराची सॅक माळ्यावरून काढली. ब्लॅडर नुसता आत ठेवला तर खाली बसतो आणि नळी मुडपते, म्हणून मेन रोडवरच्या चेन दुरुस्तीवाल्याकडून आत वरच्या बाजूला नाड्याची दोन लूप शिवून घेतली. ४० रुपये. “ताई, सलाइन लावायचंय का?” म्हणाला.

भरून वर्तमानपत्रावर आडवा ठेवला, वर पोळपाट आणि तांदळाचा पाच किलोचा डबा. सकाळी कागद कोरडा! फक्त नळीच्या जोडाशी रुपयाएवढा डाग होता. जोड काढून पुन्हा दाबून बसवला, दुसऱ्या रात्री तोही नाही.

काल रामशेजला नेला. पहिला घोट गरम लागला. नळीतलं पाणी उन्हाने तापतं हे कुणीच सांगितलं नव्हतं! सोबतच्या एका मुलीने युक्ती दाखवली: पिऊन झालं की नळीत फुंकर मारायची, पाणी परत ब्लॅडरमध्ये जातं. चालताना पाठीवर डुचूक डुचूक आवाज येत होता, तोही तिनेच बंद केला. ब्लॅडर उलटा धरून नळीतून आतली हवा ओढून घेतली.

वास अजून थोडा आहे. आज सोड्याची दुसरी रात्र.

जुना_गडी

६४० वाल्याची लिंक टाका. बायकोसाठी विचारतोय.